चीफचा डावा कान

आमच्या आळीत कोंबडा कुणी पाळला नाही, कारण गरजच पडली नाही. पहाटे चीफ उठत आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून चहा मागत. तेवढ्यावर मांडवीपासून भाट्याच्या पुलापर्यंत सगळी रत्नागिरी अंथरुणात उठून बसायची. मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर पुलापलीकडच्यांना विचारा. ते सांगतील, आम्हांला फक्त चहा ऐकू यायचा, साखर किती ते नीट कळायचं नाही.

चीफ म्हणजे कासम सोलकर. उभा जन्म मालवाहू जहाजांवर गेला, त्यातली शेवटची बरीच वर्षं चीफ इंजिनीयर म्हणून. निवृत्त होऊन घरी आले, जहाज सुटलं, पगार सुटला, 'चीफ' तेवढं चिकटून राहिलं. देह म्हणाल तर खराट्याची काडी. एवढ्या काडीत एवढा आवाज मावतो कुठे, हा आम्हां शेजाऱ्यांचा जुना प्रश्न होता. लुंगी, पांढरा बनियन आणि कमरेला खोचलेला चिंध्यांचा बोळा. समोर येईल ते पुसायचं, ही इंजिनरूमची सवय. बोलता बोलता दाराची कडी पुसतील, माझ्या दुकानातले दुरुस्तीला आलेले पंखे पुसतील, माझा चष्मा माझ्या नाकावर असताना पुसतील. त्यांच्या नसीमला बघायला मंडळी आली होती तेव्हा गप्पांच्या ओघात त्यांनी मुलाच्या मामाचं टक्कल असं लख्ख पुसून दिलं की मामा म्हणाले, एवढी माया लावणारं घर सोडायचं नाही. लग्न जागच्या जागी ठरलं. नसीम पुढे नवऱ्याबरोबर सेशेल्स बेटांवर गेली. तिथे त्यांचं दुकान आहे.

घरात कारभार जहाजाचा. जहाजावर कप्तान वरून हुकूम सोडतो आणि खाली इंजिनरूममधल्याने तोच हुकूम परत म्हणायचा असतो, म्हणजे ऐकलं याची खात्री. चीफनी जन्मभर खालून परत म्हटलं होतं. घरी आल्यावर त्यांनी वरची बाजू घेतली.

"जैबू, स्टँडबाय!"

"स्टँडबाय!" आतून जैबूभाभी म्हणायच्या. म्हणजे आधण ठेवलं.

"स्लो अहेड!" म्हणजे साखर कमी. "हाफ अहेड!" म्हणजे बरोबर काहीतरी खायला. भाभी सगळे हुकूम परत म्हणायच्या आणि मनाला येईल ते करायच्या. चौथ्यांदा चहा मागितला की मात्र आतून त्याच आवाजात उत्तर यायचं, "फिनिश्ड विथ इंजिन!" नांगर पडल्यावर इंजिन बंद करायचा हा शेवटचा हुकूम. त्यापुढे कप्तानाचंही चालत नाही. चीफ मुकाट्याने माझ्या दुकानात येऊन टपरीवरचा चहा मागवत.

एवढं जग फिरलेला माणूस, म्हणून सुरुवातीला पोरंटोरं, म्हातारे, सगळे गोष्टी ऐकायला जमायचे.

"चीफ, ब्राझील कसं काय?"

"गरम."

"आणि नॉर्वे? तिथे बर्फ ना हो?"

"गरम. भयंकर गरम."

जग त्यांनी इंजिनरूममधून पाहिलेलं. पृथ्वीवरचा कुठलाही देश त्यांच्या लेखी बॉयलरच्या पलीकडे कुठेतरी होता. लोक हळूहळू उठून माझ्याकडे यायला लागले. मी नॉर्वेचं वर्णन त्यांच्यापेक्षा बरं करत असे. मी कधी सावर्ड्याच्या पुढे गेलो नव्हतो, पण त्याने काय बिघडतं?

एक दिवस चीफ दुकानात आले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "अंत्या, एक गुपित सांगतो. कुणाला बोलायचं नाही." ते त्यांनी ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजाने कोपऱ्यावरच्या रिक्षास्टँडवरचे रिक्षावाले माना वळवून ऐकू लागले. गुपित असं होतं: उजवा कान केव्हाच बंद पडलेला. डावा जेमतेम चालू. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं की हाही फार दिवस साथ देणार नाही, आणि त्याच्याजवळ आता एखादं इंजिन वाजलं तर आजच जाईल. शिवाय डोक्यात एक घरघर चोवीस तास चालू. जहाज सोडलं, पण इंजिन डोक्यात बसून घरी आलं.

"चाळीस वर्षं समुद्रावर काढली रे," चीफ म्हणाले, "आणि समुद्राचा आवाज कसा असतो ते मला ठाऊक नाही. पिस्टनचा आवाज मला विचार, पंपाचा विचार, झोपेत सांगेन. समुद्राचा नाही. कान जायच्या आधी एकदा ऐकायचाय."

"मग भाट्याला चला की. संध्याकाळी जाऊन बसू."

"जाऊन आलो. तिथे लाट आपटते. आपटल्यावर कोणीही ओरडेल. मला समुद्र एकटा असतो तेव्हा काय बोलतो ते ऐकायचंय."

रिक्षास्टँडवरून कोणीतरी म्हणालं, "कुणाला नाय सांगणार, चीफ!"

त्यानंतर महिन्याभरात चीफनी शिडाची बोट घेतली. एक परदेशी गोरा ती गोव्याच्या बाजूला टाकून गेला होता. ती भाट्याच्या खाडीकाठी आणून चीफनी तिला असं घासलं, पुसलं, रंगवलं की खाडीतले बगळे तिच्यात बघून पिसं नीट करू लागले. नाव ठेवलं 'निवांत'. हे नाव त्यांनी जाहीर केलं तेव्हा शेजारच्या घराची दोन कौलं सरकली.

बेत ठरला रत्नागिरी ते सेशेल्स, लेकीच्या घरी, शिडावर. इंजिन बोटीत असेल, कारण बंदरात शिरताना ते लागतंच, पण मधे समुद्रावर त्याला हात लावायचा नाही. कप्तान म्हणून वृंदा आली. ही गुहागरची. लोकांच्या शिडाच्या बोटी एका देशातून दुसऱ्या देशात पोचवून द्यायच्या, हा तिचा धंदा. बोलणं मोजकं, नजर वाऱ्यावर. भाभी म्हणाल्या, मी येणार. चीफ म्हणाले, तुला झेपणार नाही. भाभी म्हणाल्या, "चाळीस वर्षं तुमची वाट बघणं झेपलं, तर हे पाणी काय मोठं लागून गेलं?" आणि पाळ्यांना माणूस कमी पडत होता म्हणून मी. लहानपणी मी वल्ही मारली होती, हे खरंच आहे. चीफना सांगताना मी फक्त खाडीच्या जागी अरबी समुद्र आणि डोणीच्या जागी गलबत एवढा किरकोळ बदल केला होता.

निघायच्या दिवशी आळीतला प्रत्येक जण एक नारळ घेऊन आला. आमच्याकडे समुद्राला रिकाम्या हाताने कोणी जात नाही, आणि ज्याला स्वतःला जाता येत नाही तो जाणाऱ्याच्या हाती पाठवतो. भिड्यांचा आला, सावंतांचा आला, पावसकरांच्या तिन्ही सुनांचे वेगवेगळे आले. चीफच्या चुलतभावाने आणला आणि म्हणाला, "आपल्यात नसतं हे, पण सगळ्यांचे चाललेत तर आपलाच कशाला मागे?" समुद्राचा घोटाळा नको म्हणून ज्याने त्याने नारळावर रंगाने आडनाव घातलेलं. नारळ बिछान्याखाली भरले, कपाटात भरले, संडासात भरले. 'निवांत' पाण्यात वीतभर खाली गेली. मी ते मोजायच्या भानगडीत पडलो नाही, पण त्या आठवड्यात रत्नागिरीत सोलकढी झाली नाही, यावरून काय ते समजा.

बंदराबाहेर पडताच वृंदा म्हणाली, "चीफ, आता सोडून द्या नारळ. बोट जड चाललीय."

"इथे?" चीफ ओरडले. "इथे टाकले तर उद्या सकाळी परत मांडवीला लागतील. भिड्यांचा नारळ भिड्यांच्याच पायाशी! तोंड दाखवू कसं? भर समुद्रासाठी दिलेत, भर समुद्रातच पडतील."

समुद्रावर शिडाच्या बोटीत राहणं म्हणजे काय, ते घरी बसून कळायचं नाही. घर एका कुशीवर कलंडवा, पायऱ्यांवर बादल्यांनी पाणी ओता आणि त्यात महिनाभर संसार करा. उत्तरेचा वारा भरला की बोट एका अंगावर पडायची ती दिवसचे दिवस तशीच. पहिल्या आठवड्यात माझा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं लांब झाला. शेगडी झुलती होती, बोट कलली तरी ती सरळ राहायची, कलायच्या त्या भाभी. तरी त्या एका हाताने दांडा धरून दुसऱ्याने भाकरी थापत. आम्ही तिघं पाळीपाळीने सुकाणूवर बसायचो, भाभींना सगळ्या पाळ्या एकदमच. सकाळी डेकवर उडते मासे पडलेले असायचे. भाभींनी तवा तापवून वर नुसता दाखवला तरी दोनचार आपसूक येऊन पडत. तिसऱ्या दिवसापासून ते तिखटमीठ लावून येऊ लागले, असं मी आळीत सांगतो. वृंदा ते खोडून काढत नाही. तशी ती काहीच बोलत नाही म्हणा.

चीफचं मात्र काही जमेना. ते डावा कान वाऱ्याला लावून बसत. दोर करकरायचे, शीड फडफडायचं, डोलकाठी कण्हायची, खाली भांडी वाजायची. त्या कानात हे सगळं डोक्यातल्या घरघरीत कालवून जायचं.

"ही बोट बोलतेय," ते म्हणायचे. "समुद्राला बोलू कुठे देते?"

एकदा मी आणि भाभी पाठीमागे सुकाणूशी बसलो होतो. चीफ पुढे नाळेवर, मान वाकडी करून. भाभी त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "अनंतभाऊ, मी ह्यांना दर पत्रात विचारायची, समुद्र कसा आहे? आणि दर वेळी उत्तर यायचं, बरा आहे. जसं काय माझ्या सासूबाईंच्या तब्येतीचं विचारलं!"

मग विषुववृत्ताच्या आसपास वारा मेला.

मेला म्हणजे कसा? संध्याकाळी होता, सकाळी नव्हता. समुद्र इतका सपाट की त्यावर सतरंजी अंथरून लग्नाची पंगत वाढावी. शिडं वाळत टाकलेल्या लुगड्यासारखी लोंबत होती. दोर गप्प, भांडी गप्प. बोट सरळ झाली आणि आम्ही तिरपे चालायची सवय लागल्यामुळे भिंतींवर आपटू लागलो. एवढी शांतता मी जन्मात ऐकली नाही. वृंदा पापणी मिटायची ते ऐकू यायचं.

चीफ खूष. "आता बोलेल," म्हणाले. नाळेवर पालथे पडून डावा कान पाण्याकडे लोंबता ठेवला. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी उठून बसले, तोंड उतरलेलं.

"काय म्हणतो समुद्र?" मी विचारलं.

"तोंड उघडत नाही मेला. जन्मभर ह्याच्या अंगावरून गेलो, आता समोर येऊन बसलो तर ओळख देत नाही."

"कशी देईल?" भाभी खालून म्हणाल्या. "त्याचा माल अडवून बसलाय तुम्ही. लोकांनी विश्वासाने दिलेले नारळ संडासात कोंबलेत. वाराही देणार नाही आणि ओळखही देणार नाही."

हे चीफना पटलं. मलाही पटलं. वृंदा काहीतरी म्हणणार होती, पण तोवर चीफ कपाट उघडून बसले होते. एकेक नारळ कपाळाला लावायचा, आडनाव वाचून दाखवायचं आणि सोडायचा. "भिडे! सावंत! पावसकर, थोरली! पावसकर, मधली!" त्या शांततेत तो आवाज आफ्रिकेपर्यंत गेला असेल. तिकडच्या किनाऱ्यावर कोणी भिडे असलाच तर तो ओ देऊन बसला असेल. दुपारभर हे चाललं. बोट वीतभर वर आली, मनावरचं ओझं उतरलं, आम्ही झोपलो.

सकाळी वर येऊन बघतो तर सगळी आळी जमलेली! एकही नारळ हललेला नव्हता. हलणार कसा? वारा नाही, प्रवाह नाही, जिथे टाकला तिथेच. उलट बोटीच्या ओढीने की काय, लांबचेही जवळ आले होते. चहूकडून शेंड्या वर करून आडनावं आमच्याकडे बघत होती. भिड्यांचा नारळ नाळेपाशी, सावंतांचा बरोबर उलट्या टोकाला. गेली कित्येक वर्षं बांधावरून बोलत नाहीत, तिथेही बोलले नाहीत. पावसकरांच्या तिघी मात्र एकत्र होत्या, बहुधा सासूबद्दल बोलत असाव्यात.

समर्पण करायला निदान थोडा तरी वारा लागतो, हे चार माणसांत एकीलाच माहीत होतं आणि तिला कोणी बोलू दिलं नव्हतं.

वृंदाने नारळांकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, उपग्रहावरून हवामान सांगणाऱ्या तिच्या यंत्राकडे बघितलं. मग म्हणाली, "पाणी कमी होत चाललंय. वारा कधी येईल ते हे सांगत नाही. उरलेलं अंतर डिझेलवर निघेल. आज दुपारची जेवणं झाली की इंजिन लावायचं. एकदा लावलं की सेशेल्सपर्यंत बंद करणार नाही."

"अल्ला, सुटलो!" भाभी म्हणाल्या. "लेकीचं तोंड तरी दिसेल. नाहीतर ह्या नारळांबरोबर आपणही रुजणार इथे."

मी चीफकडे बघितलं. मला वाटलं, आता ते असं काही ओरडतील की डोलकाठी उपटून पडेल. ते उठून उभे राहिले. इंजिनरूममधला माणूस कप्तानापुढे राहील तसे.

"दुपारच्या जेवणानंतर इंजिन," त्यांनी हुकूम परत म्हटला.

पण तो इतक्या हळू, की शेजारी बसून मला ओठांवरून समजून घ्यावा लागला. त्या माणसाचं बोलणं मला ऐकू आलं नाही, असं आयुष्यात त्या एकदाच झालं.

"काय म्हणाले?" भाभींनी मला विचारलं. मी सांगितलं. त्या चीफकडे बघत राहिल्या.

चीफ खाली गेले. बोटीच्या अंगावर पाण्याच्या पातळीशी नारळ मधूनच लागत होते. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्, टक्. आम्हांला ते कालपासून ऐकू येत होते, चीफना अर्थातच नाही. पण अनवाणी पावलांनी त्यांनी जन्मभर इंजिनांची नाडी बघितलेली. तळाच्या फळीवर ते थबकले.

"कोण ठोकतंय?"

"तुमचे नारळ," वृंदा म्हणाली.

चीफनी हत्यारांच्या पेटीतून लांब पेचकस काढला. इंजिनरूममध्ये गोंगाटात एखाद्या यंत्राचं आतलं ऐकायचं असेल तर असंच करतात, पेचकसाचं टोक यंत्रावर आणि मूठ कानामागच्या हाडाला. चीफनी फळी उचलली, तळाशी आडवे झाले, टोक बोटीच्या अंगाला लावलं, मूठ डाव्या कानामागे दाबली आणि डोळे मिटले.

टक्.

चीफचा चेहरा असा उजळला की मी घाईघाईने दिवा विझवायला गेलो, तर तो लागलेलाच नव्हता.

"लागतंय!" ते ओरडले. "अंत्या, लागतंय रे! हाडातून येतंय. घरघर बाजूला, हे बाजूला!" मग थोड्या वेळाने, "हा भरलेला. हा पावसकरांचा असणार. आणि हा भिड्यांचा, पाणी आटलंय ह्यातलं. जुना दिला चिक्कूने!" मी वर जाऊन वाकून बघितलं. भिड्यांचाच होता. आता ह्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

"आणि समुद्र?" मी विचारलं.

चीफनी बराच वेळ ऐकलं. "नाही. पाणी उभं आहे. उभं पाणी काय बोलणार?"

पेचकस काही त्यांनी काढला नाही. ऊन चढत गेलं. जेवण झालं की संपलं, हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. इंजिन सुरू झालं की त्या फायबरच्या पेटीत चहूकडे तेच घुमणार, आणि बेटांवर पोचेपर्यंत कानात ऐकायला उरेल काय आणि किती, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

जेवण भाभींच्या हातात होतं.

त्यांनी उकड्या तांदळाची पिशवी काढली, ताट घेतलं आणि डेकवरून खाली उतरायच्या शिडीच्या पायरीवर बसल्या. ही शिडी उचलली की मागे इंजिन; ती उचलल्याशिवाय ते सुरू करता येत नाही. भाभी तांदूळ निवडायला लागल्या. तांदूळ निवडणं मी पुष्कळ पाहिलं आहे, असं नाही पाहिलं. प्रत्येक दाणा उचलून उजेडात धरायचा, दोन्ही बाजूंनी बघायचा, त्याची विचारपूस करायची आणि मग बाजूला ठेवायचा.

वृंदा वरून डोकावली. "भाभी, अजून भात टाकला नाहीत?"

"खडे आहेत."

"कालच्या भातात नव्हते."

"काल घाईत निवडले. चौघांपैकी कुणाचा दात पडला तर इथे दाताचा डॉक्टर कुठे शोधशील, बाय?"

वृंदा गेली. थोड्या वेळाने परत आली. भाभींनी निवडलेले तांदूळ परत न निवडलेल्यांत ओतले होते आणि पहिल्यापासून सुरुवात केली होती.

"भाभी," वृंदा म्हणाली, "मी जेवणानंतर म्हणाले ते बोलण्याची पद्धत म्हणून."

"म्हणालीस ना? कप्तानाचा हुकूम. तो काय मोडायचा? जेवण होऊ दे. जेवणाआधी मी पायरीवरून उठत नाही, आणि जेवण व्हायचं तर तांदूळ निवडायला नकोत?"

"सकाळी सुटलो म्हणत होतात तुम्हीच!"

"सकाळी मला वाटलं, ते बोंबलतील," भाभी म्हणाल्या आणि एक दाणा उन्हात धरला. "बोंबलले असते तर मीच किल्ली फिरवली असती."

वृंदाने माझ्याकडे बघितलं. मी आडनावं वाचत होतो. मग ती सुकाणूशी जाऊन बसली आणि तिने टोपी डोळ्यांवर ओढली. गुहागरच्या माणसाला कधी ऐकू येऊ द्यायचं नाही ते बरोबर कळतं.

खालून मधूनमधून चीफ घोषणा करत. "सावंत!" मग शांतता. "कोणीतरी धाकटं!" मग शांतता. बोटीतली हवा तापून चिकट झाली होती. पोटात कावळे ओरडत होते आणि त्यांचा आवाज त्या शांततेत सगळ्यांना ऐकू जात होता. भाभींनी तिसऱ्यांदा तांदूळ ओतले.

तेवढ्यात चीफ म्हणाले, "नारळ थांबले."

कोणी हललं नाही.

"वृंदा! नारळ थांबले गो! ठोकत नाहीत!"

वृंदाने टोपी वर केली. शिडं तशीच लोंबत होती. पाण्यावर एक सुरकुती नव्हती. तिने मान वळवून मागे बघितलं आणि हळूहळू उभी राहिली. मीही बघितलं. नारळ होते, सगळे होते, पण आता ते चहूकडे नव्हते. सगळे आमच्या मागे होते, हातभर अंतरावर. मग दोन हात. भिडे आणि सावंत शेजारी शेजारी आले होते आणि दोघेही आमच्यापासून लांब चालले होते. म्हणजे बोट सरकत होती.

"पाणी चाललं," खालून चीफचा आवाज आला. आणि मग, "बोलला! बोलला रे!"

त्यानंतर वृंदाच्या गालावर केसांची एक बट हलली. शीड पहिल्यांदा नुसतं श्वास घेतल्यासारखं झालं, मग भरलं. वारा आमच्यापैकी कुणालाही कळण्याआधी एका बहिऱ्या माणसाला कळला होता. मी ही गोष्ट सांगतो तेव्हा लोक हसतात. मी सांगितलेल्या गोष्टींतली नेमकी हीच खरी आहे, त्याला मी काय करू?

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. वारा टिकला. सेशेल्सच्या बंदरात शिरताना इंजिन लावावं लागलं, ते चीफनी स्वतःच्या हाताने लावलं. नसीम धक्क्यावर उभी होती. तिच्या हातात फुलं होती, आणि वडिलांनी भेटल्या भेटल्या ती पुसली. डावा कान रत्नागिरीला परत आल्यावर पुढच्या पावसाळ्याच्या सुमारास गेला. त्यानंतर काही काळाने चीफही गेले, दुपारच्या झोपेत, शांतपणे. त्यांनी आळीत शांतपणे केलेली ती पहिलीच गोष्ट, म्हणून आळीला कळायला संध्याकाळ झाली. पण त्याआधीच्या आजारपणाचं, शेवटच्या दिवसांचं मी सांगणार नाही. मी तिथे फारसा नव्हतो, आणि असतो तरी माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

मी होतो तो त्या दुपारी. वृंदा सुकाणूवर, बोट अंगाला झोका देऊन निघालेली. भाताचा वास येईना म्हणून मी शिडीवरून खाली वाकलो. ताट पायरीवर तसंच होतं, तांदूळ त्यात होते, निवडलेले की न निवडलेले ते आता भाभींनाही सांगता आलं नसतं. भाभी तिथे नव्हत्या. त्या तळाशी, उचललेल्या फळीच्या कडेला, चीफच्या शेजारी आडव्या झाल्या होत्या. पदर डोक्यावरून सरकलेला, कान बोटीच्या अंगाला टेकलेला. त्यांचे दोन्ही कान उत्तम. त्यांना पेचकस नको, काही नको. तरी चीफ त्यांना सांगत होते, त्यांच्या कपाळापासून चार बोटांवर तोंड ठेवून, सगळ्या हिंदी महासागराला ऐकू जाईल अशा आवाजात.

"ऐक! आता बारीक आवाज येतोय बघ, दाणे ओतल्यासारखा. आता जाड. आला? आता गुळण्या करतोय. ऐकतेस ना गो? असा आहे. हा असा आहे समुद्र!"

त्या आवाजाखाली मला तरी समुद्राचं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. भाभींना येत होतं की नाही, कुणास ठाऊक. डोळे मिटून त्या मान हलवत होत्या.